वजन पुन्हा करा

मित्रांनो, बालरुग्ण विभागातल्या एका टेबलावरच्या संगणकात मी राहते. औषधांची मात्रा तपासणारी मी एक जुनी प्रणाली. डॉक्टर औषध लिहितात. मी मुलाचं वय, वजन आणि आधीच्या नोंदी पाहते आणि सगळं जुळलं तरच मात्रा पुढे सोडते. उठसूट खोड काढते, म्हणून सिस्टरांनी माझं नाव ठेवलं, सासूबाई.

मला दोघींनी घडवलं. एक इथल्या औषधविभागाच्या प्रमुख, दुसरी प्रोग्रॅम लिहिणारी त्यांची भाची. मावशी नियम सांगायच्या, भाची तो ‘जर असं, तर तसं’ असा बांधायची. वजन पडताळल्याशिवाय औषधापर्यंत पोचायला माझ्यात एकही चोरवाट नाही, हे तिने कागदावर पायरीपायरीने सिद्ध केलं.

“अगं, शंभरदा चालवून पाहिलंस ना? मग आता कागद कशाला?” मावशींनी विचारलं.

“शंभरदा चाललं म्हणून एकशे एकाव्यांदा चालेलच असं नाही, मावशी.”

सुरुवातीला मी फार बोलायचे. बारीकसारीक गोष्टींवर इशारे. सिस्टर न वाचताच बटण दाबायच्या. मावशींनी आठवडाभर विभागात उभं राहून हे पाहिलं आणि माझे बहुतेक इशारे काढून टाकले. उरलेल्यांना एक अट जोडली: इशारा ओलांडायचा असेल, तर कारण लिहायचं.

एका दुपारी दोन वर्षांची मुलगी आली. सकाळी तिला आकडीचा झटका येऊन गेला होता. दुसरा येण्याआधी औषध द्यायला हवं होतं. पण ते जास्त झालं तर श्वास मंदावतो. मुलगी रडून काट्यावर बसेना. मग इथे नेहमी करतात तसं केलं: कडेवर घेतलेल्या मुलीसकट आईचं वजन, मग एकट्या आईचं, आणि वजाबाकी. उत्तर आलं चौदा किलो. बारा दिवसांपूर्वीची नोंद होती अकराची. मी अडले. ‘इतक्या दिवसांत तीन किलो वाढ पटत नाही. वजन पुन्हा करा.’

“झालं यांचं सुरू!” सिस्टर वैतागल्या. “अहो सासूबाई, लेकरू बघा आधी!”

“जुनी नोंद चुकली असेल. पुढे जा,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी कारणाच्या चौकटीत ‘जुनी नोंद चु’ एवढं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. नोंद चुकली होती हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांनी वळून आईकडे पाहिलं.

“ताई, हिला घेऊन काट्यावर उभ्या होतात, तेव्हा ही पिशवी खांद्यावरच होती का?”

“हो. एकटी उभी राहिले तेव्हा खाली ठेवली. का हो, काही चुकलं का माझं?”

“तुमचं नाही, आमचं चुकलं.”

पिशवीत पाण्याच्या बाटल्या, कपडे, जाडजूड फाईल. काट्यावर ती भरली बरोबर तीन किलो. पिशवीशिवाय पुन्हा केलेलं मुलीचं वजन आलं अकरा. नवी मात्रा मी लगेच सोडली आणि औषध वेळेत गेलं. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, मी घाई केली.” संध्याकाळी मुलगी आईच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती.

मित्रांनो, मला फक्त आकडे दिसतात; बाकीचं सिस्टरांच्या बोलण्यातून कळलं. पिशवी दिसली ती सिस्टरांना. म्हणून माझं सगळं डोळे मिटून ऐका, असं मी म्हणत नाही. मी अडले की कारण वाचा आणि एकदा मान वर करून समोरच्या माणसाकडे पाहा. आणि तुम्हाला कुणी काट्यावर उभं केलं, तर दप्तर आधी खाली ठेवा.