शिक्षेची दोन मिनिटं

ओरेस्टने आइस हॉकीची स्टिक पायांत आडवी घातली आणि पलीकडच्या गावाचा सात नंबरचा आडदांड गडी बर्फावर तोंडघशी पडला. सगळ्यांनी पाहिलं. पंच गार्थनेही पाहिलं. शिट्टी मात्र वाजली नाही.

प्रेक्षकांच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईच्या, मार्लिसच्या जिवात जीव आला. अंतिम सामना होता, बरोबरी होती, शेवटची काही मिनिटं उरली होती. पण तिची धडधड त्यासाठी नव्हतीच. तिच्या ओरेस्टला डाउन सिंड्रोम होता. वीस वर्षांचा घोडा झाला तरी ती त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. प्रत्येक सामन्याआधी ती गार्थला गुपचूप गाठायची. "जरा सांभाळून घ्या हो त्याला." गार्थ समोरच्या संघाच्या कानावर घालायचा. मग ओरेस्टकडे खेळातली रबरी चकती आली की समोरचे बाजूला व्हायचे आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. बर्फाच्या रिंकच्या दारात त्याचा भलामोठा फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या गावाची प्रेरणा'.

घरी आल्यावर ही प्रेरणा बूट भिरकावायची.

"मला कोणी ढकलतच नाही, आई."

"बरंच आहे की," असं म्हणून मार्लिस त्याच्या ताटात आणखी दोन बटाटा भरलेल्या पेरोगी वाढायची.

आता खेळ पुढे सरकला होता आणि ओरेस्ट उलटाच निघाला होता. शिक्षा झालेल्या खेळाडूला बसवायची काचेची कोठडी कडेला होती. तो आत गेला, बसला आणि दारही त्यानेच लावून घेतलं.

"अगं, हा चाललाय कुठे?" शेजारची इव्हॉन म्हणाली.

गार्थने खेळ थांबवला.

"चल बाहेर, ओरी. चुकून लागलं असेल."

"चुकून नाही. मुद्दाम पाडलं." ओरेस्टचा आवाज अख्ख्या रिंकमध्ये घुमला. "दोन मिनिटं दे!"

त्याच्या संघाचा कप्तान डेल धावत आला. "राजा, बाहेर ये ना. तू आत बसलास तर आपला एक गडी कमी होईल."

"कमी होईल?" ओरेस्टने विचारलं. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय? होणारच!"

"मग होऊ दे," ओरेस्ट म्हणाला, आणि अजूनच ऐसपैस बसला.

गार्थने मान वर करून मार्लिसकडे पाहिलं. तो परवानगी मागत होता. ओरेस्टने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि त्याला आई दिसली. इतके दिवस वाट कोण मोकळी करून देत होतं, हे त्याला तिथेच कळलं. मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खाली पाहिलं, हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग होकारार्थी मान हलवली.

गार्थचा हात वर गेला. दोन मिनिटं.

पलीकडच्या गावाच्या लोकांनी हुर्यो उडवली. "ए लबाडा! बस आता कोंबड्यासारखा खुराड्यात!" इव्हॉन भांडायला उठली. मार्लिसने तिची बाही धरून तिला खाली बसवलं.

डेल आणि बाकीचे जिवावर उदार होऊन खेळले. एकदा तर डेल चकतीसमोर आडवाच पडला. गोल झाला नाही. दोन मिनिटं संपली, ओरेस्ट दार ढकलून सुसाट निघाला आणि चकती त्याच्याकडे आली. सात नंबरवाला बाजूला झाला नाही. त्याने खांदा घालून ओरेस्टला असं काही कडेच्या फळीवर आदळलं की सगळी काच थरथरली.

ओरेस्ट बर्फावर बसला होता, नाकातून रक्त येत होतं, आणि तो दात काढून हसत होता.

गार्थने पुन्हा वर पाहिलं.

मार्लिस उभी राहिली. बाकीच्या आया आपापल्या पोरांवर ओरडतात तशीच ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "ऊठ की, आळशा! चकती काय मी आणून देऊ?"

ओरेस्टने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो केव्हाच उठून चकतीमागे पळाला होता.