एसेनला दिसलेला तारा

मित्रांनो, मी एक जुना, फिकट नारिंगी तारा आहे. मला नाव नाही. झगझगीत अभिजित ताऱ्याच्या शेजारी डोळा जरा तिरका करून बघितलंत तरच दिसतो. सरळ टक लावलीत की गायब! तुमच्या सूर्याहून कितीतरी मोठा, पण थंड, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. म्हातारपणामुळे सारखा फुगतो, आक्रसतो. मग एखाद्या उन्हाळ्यात इतका मंदावतो की साध्या डोळ्यांना दिसतच नाही.

तरी सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणावरची किरगीझ माणसं मला फार मानायची! उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावर आली की पहिल्याच संध्याकाळी घोड्यांच्या राखणदाराची नजर माझ्यावर पारखायची. मी दिसलो तर कळप त्याचा, नाहीतर त्यानं मेंढ्यांकडे जायचं. सादिर तरणा असल्यापासून राखणदार होता. ना बायको, ना पोर. एक करडी घोडी आणि तो कळप, एवढाच त्याचा जीव!

त्या वर्षी मी मंदावलो. म्हणजे मंदावलो होतो त्याच्या आजाच्याही जन्माआधी, पण तो उजेड तिथं पोचला नेमका तेव्हा!

"सादिर-आके, दिसतोय का?" म्होरक्या तोलोगोननं विचारलं. वडीलधाऱ्या माणसाला तिथं 'आके' म्हणतात.

म्हाताऱ्यानं खूप वेळ बघितलं. "नाही रे. आज तो तिथं नाहीच."

"नाहीच? लांडग्यानं नेला की काय?"

सगळे खो खो हसले. सादिरचा पुतण्या एसेन पुढं सरसावला. "मला तर लख्ख दिसतोय! काका, आता मेंढ्या वासावरनं ओळखा हं!"

"मला पण दिसतोय!" "मला पण!"

मित्रांनो, एकालाही दिसत नव्हतो मी! पण आंधळं ठरून कोण घेणार? आणि मला तर तोंडच नाही.

घोडी, कळप, सगळं एसेनला मिळालं. म्हाताऱ्याच्या हातात काठी आली. पोरं त्याच्यापुढं बोटं नाचवायची, "आके, किती?" त्यानं बरोबर सांगितलं तरी हसायची. हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं. चांगले डोळे असताना तो चाचपडत चालायला लागला!

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा उजळलो. आता एसेनला खरंच दिसलो. काका खरं बोलले होते हे कळूनही त्यानं घोडीचा लगाम सोडला नाही.

"आके, बघता का परत?" तोलोगोननं विचारलं.

"कशाला, बाबा? मला कुठं दिसतंय," म्हातारा म्हणाला, आणि खाली बघत मेंढ्यांकडे गेला.

मित्रांनो, कुणी 'मला दिसत नाही' म्हणालं, तर हसायच्या आधी स्वतः वर बघा, आणि जे दिसेल तेच सांगा. मी काय, मंदावलो तरी पुन्हा उजळतो. सादिरची मान मात्र परत वर झाली नाही.