तिसरं वाक्य

वाचनालयातल्या शिपाईमामांची सकाळ गेले पाच महिने बोलणी खाऊनच सुरू होत होती, आणि त्याला कारण होता पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक. पुस्तकांची सगळी यादी त्याच्यात होती. आत लिनक्स नावाची प्रणाली, बाहेर पांढरी डबी, आणि ती डबी टेबलाच्या कडेला चिकटवलेली. सकाळी चालू केला की पडद्यावर भराभर ओळी धावत आणि त्यांत एक इशारा हटकून येई: डिस्क मागच्या वेळी नीट बंद झाली नव्हती. माहिती खराब झालेली असू शकते. तपासणी करून घ्यावी.

संध्याकाळी संगणक बंद करण्याचं काम मामांचं. त्यामुळे ग्रंथपालबाईंना गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही.

“मामा, काल पुन्हा प्लग उपटलात ना? का करता असं?”

“नाही हो बाई. आधी बटण दाबलं, दिवा विझेपर्यंत थांबलो, मग स्विच बंद केला.”

“मग हे यंत्र काय खोटं बोलतंय?”

यंत्र खोटं बोलत नाही यावर बाईंचा गाढ विश्वास होता. माणसांचा त्यांना एकोणतीस वर्षांचा अनुभव होता.

त्यांनी आधी प्लगला चिकटपट्टी लावली. मग एक वही ठेवली: बंद केल्याची वेळ आणि सही. मामा रोज सही करत आणि इशारा रोज येई. शेवटी एका शुक्रवारी बाईंनी मामांना लवकर घरी पाठवलं आणि झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तितक्या हलक्या हातानं संगणक स्वतः बंद केला.

शनिवारी सकाळी पडद्यावर तोच इशारा.

बाईंनी पडदा झटकन भिंतीकडे वळवला. त्या दिवशी मामांना कुणी काही बोललं नाही, तेव्हा मामाच काळजीत पडले. “तब्येत बरी आहे ना बाई?”

बाईंची भाची संगणकाच्याच कामात होती. सोमवारी दुपारी ती आली, खुर्ची ओढून बसली आणि इशारा वाचून म्हणाली, “मावशी, यात तीन वाक्यं आहेत. तिसरं वाचलंस?”

“तपासणी करून घ्यावी. वाचलं की.”

“मग केलीस?”

“पाच महिने दुसरं काय करतेय!”

“मामांची नाही गं. डिस्कची.”

मग तिनं समजावून सांगितलं. चालू असताना एकदा जरी वीज तुटली, तरी डिस्कवर खूण पडते. तपासणी केल्याशिवाय ती पुसली जात नाही. त्यानंतर रोज कितीही नीट बंद करा, हा इशारा त्या एकाच दिवसाबद्दल बोलत राहणार. तिनं एक ओळ टाइप केली, तपासणी अर्ध्या मिनिटात आटोपली. दोनदा बंद-चालू करून पाहिलं. इशारा गायब.

बाईंनी इथंच थांबायला हवं होतं. पण मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन कसं पडणार?

“ती खूण पडली कधी, ते कळेल?”

भाचीनं जुन्या नोंदी काढल्या. “पाच महिन्यांपूर्वीची अकरा तारीख, दुपारी दोन चाळीस. इथं नोंद मध्येच तुटलीय. त्याआधी इशारा एकदाही नाही.”

बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. त्या अकरा तारखेला मामा एका दिवसाच्या रजेवर; लेकीचं बाळंतपण. त्या दिवशी वाचनालयात बाई एकट्याच होत्या. आणि मग त्यांना हळूहळू आठवलं. लॅमिनेटरला मोकळा सॉकेट सापडेना, म्हणून त्यांनी टेबलाखालची एक वायर काढली होती. दोनच मिनिटं. लॅमिनेट केलेली पाटी अजून समोरच्या भिंतीवर होती: ‘परवानगीशिवाय कोणत्याही यंत्राला हात लावू नये.’

भाचीनंही ती वाचली, आणि खोकल्याचं निमित्त करून ती पाणी प्यायला गेली.

मामा वाचनकक्षात वर्तमानपत्रं लावत होते. बाई तिथपर्यंत गेल्या, एकदा परत फिरल्या, पुन्हा गेल्या.

“मामा, तो प्लग मी काढला होता. तुम्ही रजेवर होतात तेव्हा. माझं चुकलं.”

“वाटलंच होतं मला,” मामा म्हणाले. “मी रजेवरून आलो, त्याच सकाळी ते पहिल्यांदा दिसलं.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही रोज विचारायचात, ‘का केलंत?’ ‘केलंत का?’ असं एकदाही विचारलं नाहीत.”

मामांनी शेवटच्या वर्तमानपत्राची घडी घातली.

“असू द्या बाई. होतं असं,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “फक्त यापुढं काही लावायचं-काढायचं असलं, तर मला हाक मारत जा.”