पाऊण पायली

"बाई, मजुरी विचारायची तर मालकाच्या पडवीत विचारू नका," श्रीपादराव म्हणाले होते. "पाणवठ्यावर गाठा, नाहीतर बांधावर. पडवीत विचारलेलं भोवतं. आपल्याला नव्हे, त्या मजुरणीला."

मालिनीने घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. दीडची एसटी चुकली की पुढची पाचला, मग कापूरहोळला उतरून भोरची गाडी मिळेपर्यंत अंधार. घरी नऊ महिन्यांची छकुली कालपासून खोकत होती. शेजारच्या भामाबाई तिला सांभाळत. बाई मायाळू, पण पोर रडलं की काय चाटवतील याचा नेम नव्हता.

"दोन मिनिटांचं तर काम आहे," मालिनी म्हणाली, "त्यासाठी पाणवठा कुठे शोधत बसू?"

अडुसष्ट सालचा कार्तिक होता. शेतमजुराला रोज काय मिळतं, रोख किती नि धान्य किती, याची सरकारी पाहणी चालली होती. श्रीपादराव वेल्ह्याकडच्या गावांतून पायी हिंडून तक्ते भरायचे आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मालिनी ते तपासायची. वयाने ते तिच्या वडिलांएवढे, हुद्द्याने ती वर. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत. पण साळूबाई नावाच्या एका मजुरणीच्या तक्त्यावर गाडी अडली. भातकापणीची रोजची मजुरी शाईने लिहिलेली 'एक पायली भात', आणि शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'पाऊण'. एकाच बाईच्या दोन मजुऱ्या कशा? श्रीपादरावांनी कुठल्यातरी झाडाखाली बसून तक्ता भरला असेल, असं तिच्या मनात आलं. ती बोलली नाही, पण त्यांना ते कळलं असावं. "पाऊण तिनं मला पाणवठ्यावर सांगितलं," एवढंच ते म्हणाले.

मालक मानसिंगरावांनी पडवीत घोंगडी अंथरली, चहा सांगितला आणि साळूबाईला शेतातून बोलावून घेतलं. ती पायरीखाली उभी राहिली. उंच, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, हातात विळा. चोळीवर डाव्या बाजूला ओला डाग होता. मालिनीची नजर तिथे अडकली. सकाळी अकरापासून तिनेही पोलक्यात रुमालाची घडी घातली होती.

"कापणीला रोज काय मिळतं?" तिने विचारलं.

"मालक सांगतील की."

"त्यांनी सांगितलंय. मला तुमच्या तोंडून हवंय. खरं ते सांगा, घाबरू नका. सरकारी काम आहे."

साळूबाईने विळा या हातातून त्या हातात घेतला. "समद्यांस्नी पायली हाय. मला पाऊन पडती. पोरगी बांधावर असती न्हवं, झोळीत. पाजाया दोनदा उठावं लागतं. त्येचं कापत्यात."

मानसिंगराव मोठ्याने हसले. "पोरीच्या दुधाचा बी रकाना काढला व्हय सरकारनं? लिवा, लिवा! म्हशीचं बी लिवा!"

अंगणातले गडी हसले. साळूबाईही हसली, पण खाली बघून. श्रीपादराव चहाची बशी तशीच धरून बसले होते.

मालिनीने शाईचा आकडा खोडून 'पाऊण' लिहिलं आणि खाली सही केली. मनातल्या मनात तिने श्रीपादरावांची माफीही मागितली. एसटी मिळाली. घरी छकुली शांत झोपली होती, खोकला उतरला होता. त्या दिवशी सगळंच कसं जमून आलं, असं तिला वाटलं.

पुढच्या फेरीला झोडणी चालू होती. खळ्यावर सहा बाया होत्या. साळूबाई नव्हती.

"आजारी आहे का?" मालिनीने विचारलं.

मानसिंगराव गावात नाहीत, याची खात्री करून फुलाबाई नावाची म्हातारी पेंढी खाली ठेवून पुढे आली.

"तुमी इचारलंसा, तिनं सांगितलं. तुमी एसटीनं गेलासा. ती कुठं जाणार, बाई?"

"म्हणजे?"

"भांडान न्हाई, शिवी न्हाई. 'उद्यापास्नं येऊ नगंस' म्हनलं मालक. 'सरकार देईल तुला पायली.' मग दुसरं तरी कोन लावतंय कामाला? पोरगी पाठीला बांधली आन् गेली. कोन म्हनतं कापूरहोळला खडी फोडती, कोन म्हनतं सारोळ्याला, पुलापाशी."

श्रीपादराव तिला सहज म्हणू शकले असते, मी सांगितलं होतं. त्यांनी पिशवीतून पाण्याचा फिरकीचा तांब्या काढून तिच्यापुढे धरला. "प्या थोडं," म्हणाले. "उन्हातनं आलात."

परतताना कापूरहोळला भोरची गाडी उभीच होती. कंडक्टर ओळखीचा. "चला बाई, पोरगी वाट बघत आसंल."

"जाऊ द्या तुम्ही," ती म्हणाली. गाडी गेल्यावर ती हातोड्यांच्या आवाजाच्या रोखाने चालू लागली.

रस्त्याकडेला खडीचे ढीग होते, बाया डोक्यावर फडकी ओढून बसल्या होत्या. बाभळीला एक झोळी टांगलेली. मालिनीने वाकून पाहिलं. आत मुलगा होता.

"साळूबाई? वेल्ह्याकडची?" तिने जवळच्या बाईला हळूच विचारलं.

"हितं न्हाई. सारोळ्याला लई बाया हाईत, तिकडं आसंल. पोरगी हाय का तिच्यासंगं? मग अवघाड हाय. मुकादम—"

मुकादम येताना दिसला तशी बाईने हातोडा उचलला.

"काय पायजे?" त्याने विचारलं.

प्रश्न मालिनीच्या ओठांवर होता. तिने तो गिळला. "काही नाही. एसटी कधी आहे, विचारत होते."

दुसऱ्या दिवशी भोरच्या कचेरीत श्रीपादराव म्हणाले, "पाहणीत साळूबाईच्या बदली फुलाबाईंचं नाव घालू का? नियमात बसतं."

"घाला. पण साळूबाईचा तक्ता माझ्याकडे द्या."

नव्या वर्षापासून वेल्ह्याची गावं दुसऱ्या कोणाकडे जाणार होती, तिच्याकडे पुरंदरची. तिने अभिप्रायाच्या रकान्यात लिहायला घेतलं. रकाना संपला तशी पान उलटलं.

"हे पुण्यात कोण वाचणार, बाई?" श्रीपादराव म्हणाले.

"कोणीतरी वाचेलच ना."

तिने लिहिलं होतं: 'सदर मजूर स्त्री कामावर आढळली नाही. कारण तिने खरी मजुरी सांगितली, आणि मी ती मालकासमोर विचारली. चूक तक्ता भरणाऱ्याची नाही, तपासणारीची आहे. हा कागद तुमच्या हाती आला असेल आणि तुम्ही कधी सारोळ्यावरून जाणार असाल, तर पुलापाशी उतरा. खडीवर उंच बाई असेल, हनुवटीवर तीन ठिपके, जवळ वर्षाच्या आतली मुलगी. मुलगी बरी आहे का ते बघा. तिला पाजायला उठू देतात का, तेवढं विचारा. मुकादम जवळ असेल तर विचारू नका. तो जाईपर्यंत थांबा, तुमची एसटी चुकली तरी.'