तपकिरी गोळी

माणसाचं स्वातंत्र्य मुगाच्या दाण्याएवढं असलं तरी पुरतं, असं हातातल्या तपकिरी गोळीकडे बघत किशोरीला वाटलं — आणि स्वातंत्र्य बोटांतून निसटून गॅसच्या सिलिंडरमागे गेलं. पाकिटातलं शेवटचं.

ती गुडघ्यांवर बसते न बसते तोच सासूबाई, भीमाबाई, आल्या. एका हातात पाणी, दुसऱ्यात क्षयाची लाल कॅप्सूल.

"काय शोधतंस गो?"

"कानातल्याची फिरकी."

"दोनी कानांत तर हायेत."

"मनस्वीची."

"बरं. घे. माज्यासमोर."

किशोरीने गिळली आणि रोजच्यासारखं तोंड उघडून दाखवलं.

खांदा कॉलनीतल्या त्या फ्लॅटमध्ये दोन गुपितं नांदत होती. एक घराचं — सुनेचा टीबी, जो नणंदेचं लग्न जमेपर्यंत शेजाऱ्यांसाठी 'शक्तीच्या गोळ्या' होता. दुसरं तिचं एकटीचं, रव्याच्या डब्याखालचं — मूल न होण्याच्या गोळ्यांचं पाकीट. विमानतळात जमीन गेली, बदल्यात भूखंड मिळणार, भूखंडाला नातू हवा. किशोरीची मनस्वी मुलगी, ती मोजायची नाही. आणि किशोरीला बी.एड. पुरं करायचं होतं, जे तिच्या नवऱ्याला, भावेशला, 'आईला विचारून' केव्हाही मान्य होतं...

त्याच सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाय हो डाक्टर," भीमाबाईच बोलल्या, "मी देते तेवढंच."

"या कॅप्सूलने बाकीची औषधं कमी पडतात, म्हणून विचारलं. कुटुंबनियोजनाच्या गोळीचा तर भरवसाच नाही, दुसरा उपाय करावा लागतो."

"ते पाप आमच्यात कोनी खात नाय!"

डॉक्टर हसले. किशोरीही हसली, न हसून चालणार नव्हतं.

विचारू? पहिल्या कॅप्सूलपासूनच का... पण शेजारची खुर्ची सासूबाईंची होती. म्हणजे महिनाभर त्या मायेने हातावर ठेवत होत्या ती कॅप्सूल, मी चोरून घेत होते ती गोळी निकामी करत होती — माझ्याच पोटात, आणि वर मी तोंड उघडून दाखवत होते... चोरी पकडलीही गेली नाही, नुसता माल वाया गेला. पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या सुरू झाल्या की पाळी यायची, ती या वेळी आली नव्हती. तिने ते क्षयावर ढकललं होतं. क्षयावर बरंच काही ढकलता येत होतं.

परतताना भीमाबाईंनी रिक्षा थांबवून शहाळं घेतलं. "आदी तब्येत धर. मंग बगू." त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात खरोखरच मायेचा होता, आणि तो सोडवून घ्यायला तिला एकही कारण सुचेना.

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिने सिलिंडर कलता केला. गोळीला कचरा चिकटला होता. फेकावी? फुंकर मारून तिने ती तशीच गिळली, पाण्याशिवाय — या घरात एवढी एकच गोष्ट तिच्या हातावर कोणी ठेवलेली नव्हती. मग तिथेच, थंड फरशीवर बसल्या बसल्या, तिला उद्याच्या सकाळची भीती वाटली. सासूबाईंची नव्हे, स्वतःची. तोंड उघडलं की त्यातून काय बाहेर पडेल, याचा तिला आता भरवसा वाटेना.

तपकिरी गोळीत औषध नसतं. नुसतं लोह असतं.