काचेवरचं कुंकू

मी एक जुनी तसबीर आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून ‘तसबिरीनं एवढं तोंड कशाला चालवावं’ असं कुणी म्हणायला नको. माझी काच फुटली आहे आणि चौकटीचा एक कोपरा उचकटला आहे. राग त्याचा नाही. राग कशाचा, ते सांगते.

माझ्यात एक जोडपं आहे. डोक्यावर भली मोठी काळी टोपी घातलेला एक व्यापारी आणि हिरव्या झग्यातली त्याची बायको. त्यानं तिचा हात हातात घेतला आहे. तिनं दुसऱ्या हातानं झग्याचा घोळ गोळा करून पोटाशी धरला आहे. पायाशी एक झिपरं कुत्रं, बाजूला काढून ठेवलेल्या लाकडी सपाता, खिडकीत संत्री, वर टांगलेल्या झुंबरात भर दिवसा जळणारी एकच मेणबत्ती आणि मागच्या भिंतीवर एक गोल आरसा. मूळ चित्र युरोपात, प्रबोधनकाळात, सुमारे सहाशे वर्षांपूर्वी रंगवलं गेलं. मी त्याची नक्कल. पुण्याच्या एका छापखान्यात जाड कागदावर छापली गेले आणि बारामतीत मला सागवानी चौकट बसली.

माझी पहिली भिंत बारामतीतल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गातली. तिथं आबाजी सर शिकवायचे. ते मुलांना माझ्यापुढं बसवायचे आणि म्हणायचे, “सांगा, कुत्रं कशासाठी असंल?” मुलं म्हणायची, “राखणीला!” सर हसायचे. “काही जाणकार म्हणतात, ते इमानाची खूण आहे. मेणबत्ती म्हणजे देवाची नजर. सपाता काढल्या, कारण जागा पवित्र. पण बाळांनो, हे सगळे अंदाज बरं का. शपथेवर कुणी सांगितलेलं नाही.”

एकदा त्यांनी विचारलं, “ही बाई गरोदर आहे का?” सगळा वर्ग ‘हो’ म्हणाला. कऱ्हाटीहून येणारी स्वप्नाली नावाची एक मुलगी तेवढी उभी राहिली. “न्हाय सर. तिनं कापड गोळा करून धरलंय. पोट न्हाय ते, घोळ हाय.” सरांनी टेबलावर थाप मारली. “शाब्बास! अभ्यासकसुद्धा बहुतेक हेच म्हणतात.” त्या दिवशी माझी छाती फुगली. कुणीतरी मला नीट पाहिलं होतं. पुढं सर निवृत्त झाले, तिचं लग्न ठरलं, आणि त्यांनी मला आहेर म्हणून तिच्या हाती दिलं.

इथवर माझं बरं चाललं होतं.

स्वप्नालीचं सासर भिगवणजवळ. या घराची एकेकाळी मेंढरं होती, आता ऊस आहे. सासू प्रयागबाई, सासरे जोतीराम, आणि नवरा दिग्विजय. तो लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जायचा. मला सोप्यात टांगलं. प्रयागबाई म्हणाल्या, “ह्यो टोपलंवाला कोण गं? मयतीला आल्यागत तोंड हाय त्येचं.” मला हसू आलं. अशी थट्टा मी शंभर वर्षं सोसली असती.

दोन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही. एका दुपारी शेजारच्या झुंबरमावशी आल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्या बाईची रीत. माझ्यापुढं थबकल्या आणि म्हणाल्या, “अगं बया! ही पोटुशी हाय की! अशी तसबीर सोप्यात लावत्यात व्हय? सुनंच्या खोलीत लाव. रोज हिचं दर्शन घिऊ दे.”

झालं! पोटुशीनं बाळकृष्णाची तसबीर बघावी, म्हणजे मूल गोजिरवाणं होतं, अशी आपल्याकडं रीत आहे. इथं पोटुशी कुणीच नव्हतं, म्हणून तसबिरीतलीच पोटुशी ठरवली. माझ्यासाठी पलंगासमोर खिळा ठोकला. रोज सकाळी प्रयागबाई यायच्या, माझ्या काचेवर, नेमकं त्या बिचारीच्या पोटावर, हळदीकुंकवाचं बोट टेकायच्या आणि सुनेला हात जोडायला लावायच्या. मी काय देव्हाऱ्यातली होते? आणि अर्थ तरी किती काढावेत! कुत्रं म्हणजे आपल्या खंडोबाचं कुत्रं. मेणबत्ती म्हणजे वंशाचा दिवा. संत्री म्हणजे ओटीची फळं. सरांनी निदान ‘अंदाज’ म्हटलं होतं. इथं सगळं कसं दगडावर कोरलेलं!

स्वप्नालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आत्याबाई, ती पोटुशी न्हाय.” तिला काय उत्तर मिळालं माहीत आहे? “तुलाच कशी दिसत न्हाय गं? म्हणूनच तुझी कूस उजंना!”

तीन वर्षं. रोज एक बोट कुंकू. काचेवर त्याचा थर चढला, तो ओघळून चौकटीत मुरला.

त्या तीन वर्षांत बारामतीच्या दवाखान्यात तिच्या तीन तपासण्या झाल्या. तिन्ही वेळा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिच्यात काही दोष नाही, पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या. तो निरोप तिनं दिग्विजयला माझ्यासमोर तीनदा सांगितला. तिन्ही वेळा तो मिशीवर हात फिरवून म्हणाला, “मला काय धाड भरलीय? ऐंशी किलोचं पोतं एका हातानं उचलतो मी!” ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोतं उचलण्याचा आणि याचा काय संबंध, शहाण्या? पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय लागली की डॉक्टरचं कोण ऐकतं!

मग एका गुरुवारी कुजबूज माझ्या आणि स्वप्नालीच्याही कानी आली. प्रयागबाईंनी नात्यातली एक मुलगी बघून ठेवली होती. स्वप्नालीला ‘चार दिवस म्हायेरला जा’ म्हणून धाडायचं आणि मागोमाग फारकतीचा कागद पाठवायचा. मुलीकडचे पाहुणे रविवारी यायचे होते. माझी पोर घराबाहेर जाणार होती, आणि कारण काय? तर तसबीर लागू पडली नाही!

रविवारी सकाळी प्रयागबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या तेव्हा खिळा रिकामा होता. स्वप्नालीनं मला उचलून सोप्यात नेलं होतं. जोतीराम तंबाखू मळत होते, दिग्विजय मोबाइल बघत होता, झुंबरमावशी पाहुण्यांसाठी पोहे निवडत होत्या. स्वप्नालीनं मला खाटेवर भिंतीला टेकवलं आणि पदरानं खसाखसा काच पुसली. तीन वर्षांनी मला उजेड दिसला.

“आत्याबाई, जरा उभ्या ऱ्हावा,” ती म्हणाली. “वढा वलांडताना लुगडं कसं धरता, तेवढं दावा.”

“याड लागलं का गं तुला?”

“दावा की. एवढं एकदाच ऐका माझं.”

काय वाटलं कुणास ठाऊक, प्रयागबाईंनी निऱ्यांचा घोळ मुठीत गोळा केला आणि पोटाशी धरला. नऊवार लुगडं ते! पोट चांगलं वीतभर पुढं आलं. झुंबरमावशीच्या हातातलं सूप कलंडलं. “अगं प्रयागा, तुलाच दिवस गेलं की गं!”

जोतीरामांना ठसका लागला. प्रयागबाईंनी घोळ असा सोडला, जणू हाताला चटका बसला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आपल्या लुगड्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

स्वप्नाली हसली नाही. “तीन वर्सं तुमी एका घोळाला कुंकू लावलं आन् मला हात जोडाय लावलं,” ती म्हणाली. “आता मला सांगा, ह्या तसबिरीत माणसं किती हायत?”

तिनं काचेवर दोन बोटं टेकली.

“दोन हायत. बाईला तुमी रोज तपासलं. माझी तपासणी तीनदा झाली. ह्यो टोपीवाला तेवढा ऱ्हायला. त्येच्याकडं तुमच्यातल्या एकानं बी बोट केलं न्हाय.”

“बास कर!” दिग्विजय ओरडला. त्यानं मला हिसकावलं आणि उंबऱ्यावर आपटलं. काच फुटली ती तेव्हा.

स्वप्नालीनं वाकून मला उचललं. तिचा आवाज एवढासुद्धा चढला नाही. “म्हायेरला धाडणारच हाय न्हवं? मीच जाते. न्यायला याचं असंल तर तपासणीचा कागद घिऊन या. कागदात काय बी असूं द्या, मी नांदीन. पर कागदाबिगर आलासा, तर दारातनं माघारी जाचं.”

आम्ही दोघी एसटीनं कऱ्हाटीला आलो. आठव्या दिवशी दिग्विजय आला, रिकाम्या हातांनी. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि उंबऱ्यातूनच माघारी लावलं. त्याची मोटारसायकल गेली तसं तिनं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत होती.

आणखी बारा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी पुढं प्रयागबाई होत्या आणि कागद त्यांच्याच मुठीत होता. “दंडाला धरून नेला मी त्येला,” त्या म्हणाल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या. “दोष माझ्या लेकात निघाला गं पोरी. तीन वर्सं मी तुझ्या जिवाला खाल्लं.” त्या रडायला लागल्या. दिग्विजय मान खाली घालून उभा होता. पोतं उचलणारे हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.

स्वप्नालीनं कागद वाचला. “औषध हाय का ह्याला?”

“हाय म्हंत्यात,” तो पुटपुटला. “येळ लागंल.”

“मग उठा आत्याबाई. रडताय कशापायी? जेवून जाऊ.”

एवढंच. तीन वर्षांच्या जाचाला तिच्याकडून एवढंच उत्तर! तिनं चार भाकरी जास्त थापल्या आणि संध्याकाळी ती भिगवणला गेली. मी इथंच राहिले, कऱ्हाटीच्या या माळ्यावर, फुटक्या काचेनिशी.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तू ‘मला जपा, माझी धूळ झटका’ म्हणून विनवतात. मला झटकू नका. मी कागद आहे, माझा अर्थ चुकला म्हणून मी मरत नाही. पण तुमच्या घरात वहिनी असेल, काकू असेल, मामी असेल, आणि चारचौघांनी तिच्यावर एखादा अर्थ चिकटवला असेल, तर तुम्ही लहान असलात तरी उठा आणि विचारा, ‘हे कुणी ठरवलं? दुसऱ्याला विचारलं का?’ मोठी माणसं रागावतील. रागावू देत.

स्वप्नालीनं त्यांना माफ केलं. तिचं मन मोठं आहे. मी केलेलं नाही.