गार जिभेखालचा ताप

मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणाच्याही तोंडावर विश्वास नाही. सारा जन्म लोकांच्या तोंडात गेलाय माझा, उगीच नाही म्हणत!

कारखान्यात मला घडवलं, पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या. मग मी या इस्पितळात आलो. डॉक्टर मला उजेडाकडे धरून म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही." पण माणसं बोलतात ना! शाळा बुडवायची म्हणून मला गरम दुधात बुडवणारी पोरं मी पाहिलीत. पुढे पीं-पीं करणारा बॅटरीवाला थर्मामीटर आला आणि माझी रवानगी खणात झाली. फार वाईट वाटलं. परवा त्याचे सेल संपले, तेव्हा कुठे सिस्टरना माझी आठवण झाली.

बाहेर आलो तो थेट मास्तरांच्या तोंडात. मास्तर म्हणजे शिंपीकाम करणारे एक काका. त्यांच्या यकृतात पू साठला होता. तो काढायला बरगड्यांखालून बारीक नळी घालून बाहेर पिशवी लावली होती. पिशवी कोरडी राहू लागली, सोनोग्राफीही ठीक आली, म्हणून आदल्या दिवशी नळी काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पू पुन्हा साठू शकतो. ताप, थंडी, दुखणं, जखमेतून काही येणं, काहीही झालं तरी लगेच सांगा. नाहीतर उद्या घरी."

मास्तरांची जीभ गारढोण! मलाच हुडहुडी भरली. पारा जागचा हलेना. पण ओठ बघावेत तर सुकून तडकलेले, आणि नाकातून येणारा श्वास कढत. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मला आधी संशय आला त्यांच्या बायकोचा. थर्मास कवटाळून ती सारखी दाराकडे बघत होती. हिचंच काहीतरी कारस्थान असणार!

"ताप नाही," सिस्टर म्हणाल्या. मास्तर हसले, पण उजवा खांदा दाबून धरत हसले; यकृताचं दुखणं तिथंही उमटतं. अहो, मला काय वाचताय, त्यांच्याकडे बघा! मी आतल्या आत चरफडलो. पण काचेचं ऐकतंय कोण?

तेवढ्यात बायकोनेच विचारलं, "सिस्टर, घरी यांना बर्फाचं पाणी दिलं तर चालेल ना? सकाळपासून सारखं तेच मागतायत. तुम्ही येताना दिसलात की आधी घोटभर दे, म्हणतात. म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेय."

अरे देवा! त्या बिचारीला काही पत्ताच नव्हता.

सिस्टरनी मला झटकलं. "मास्तर, हात वर करा."

"आत्ताच तर लावलात!"

"आता काखेत लावते."

पारा सरसर चढला तो एकशे तीनच्या रेघेवर जाऊन थांबला. सिस्टरनी नळीच्या जखमेवरची पट्टी उचलली, तर ती पिवळट ओली. बरगडीखाली बोट टेकताच मास्तर कळवळले. डॉक्टर धावत आले, रक्त तपासायला गेलं, सोनोग्राफी झाली. आत पुन्हा पू साठला होता. त्यांनी औषध बदललं आणि त्याच दिवशी नवी नळी घातली.

"घरी गेला असतात तर हा पू आतल्या आत फुटून पोटभर पसरला असता," डॉक्टर म्हणाले.

"नळीची धास्ती बसली हो," मास्तर पुटपुटले. "पुन्हा घालाल म्हणून लपवलं. लोकांच्या कापडात जन्मभर सुया टोचल्या, स्वतःची वेळ आली तेव्हा घाबरलो."

बायकोने थर्मास खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्याच हातून पाणी प्यायलात. तुम्हाला काही झालं असतं, तर हे हात मी कुठं ठेवले असते?"

मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, मी काचेचा आहे. मला जपून हाताळा, पाडू नका, खणात विसरू नका. पण दुखणं मात्र माझ्यापासून लपवू नका. मला फसवणं फार सोपं आहे. आणि मी फसलो, तर माझं काहीच जात नाही.